एकशे अठरा नंबरची बाई

"मुलं किती?" सिस्टरनं पडद्यामागं विचारलं.

"चार," माझी बायको म्हणाली.

आम्हाला मुलं दोन. मी पडद्याच्या अलीकडे टेबलावर रजिस्टर उघडून बसलो होतो. शिरसवाडीची जिल्हा परिषदेची शाळा होती, रविवार होता, आणि फळ्यावर सातवीचं गणित अर्धं सोडवलेलं तसंच होतं. गावातल्या बायका तपासून घरी गेल्या होत्या. गावातल्या बायकांना तोंडानं ओळखणारी आशाताई जेवायला गेली होती. तेवढीच वेळ साधून मी प्रयागला मारुतीच्या देवळामागून बोलावून आणलं होतं.

"शेवटचं बाळंतपण कुठं झालं? घरी की दवाखान्यात?"

हा प्रश्न आम्ही पाठ केला नव्हता.

"घरी," प्रयाग म्हणाली. एवढ्यावर थांबावं की नाही? "सुईण होती. लेकराचे पाय आधी आले होते."

मी कपाळाला हात लावला.

"अगं बाई! मग फारच सोसलंत की," सिस्टर म्हणाली. "आता अंग सैल सोडा, अनुसयाबाई. श्वास घ्या. दुखणार नाही, नुसतं थंड लागेल."

पाच मिनिटांत झालं. सिस्टर बाहेर आली. तिनं ब्रश आधी काचेच्या स्लाइडवर फिरवला, मग त्याचं टोक औषधाच्या बाटलीत सोडलं आणि झाकण लावलं. मी स्लाइडच्या खरबरीत टोकावर पेन्सिलीनं ११८ लिहिलं, बाटलीला ११८ची चिठ्ठी चिकटवली, आणि रजिस्टरमध्ये 'अनुसया भानुदास सुरवसे, वय अठ्ठेचाळीस' या नावापुढं बरोबरची खूण केली.

"रक्त फार आहे हो या बाईंना," सिस्टर मला हळू म्हणाली.

"हो का?" मी म्हणालो. जसं काही मला माहीतच नव्हतं.

याला आता चौदा वर्षं झाली. प्रयागला जाऊन बारा. मी लिहिणारा माणूस नाही. आयुष्यभर नुसती नावं, नंबर आणि तारखा लिहिल्या. त्या लिहिल्या तसंच हे लिहितो.

मी मेडिकल कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. स्लाइडा रंगवायच्या, वाळवायच्या, डब्यात लावायच्या. त्या वर्षी आमच्याकडे एक मोठा अभ्यास आला. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर ओळखायच्या दोन तऱ्हा होत्या. एक जुनी: तिथल्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या, बघायच्या. दुसरी नवी: पेशी बाटलीतल्या औषधात सोडायच्या, मशीन त्यातलं रक्त-घाण धुऊन काढणार आणि स्वच्छ पेशींचा एक गोल ठिपका काचेवर उमटवणार. नवी महाग, जुनी स्वस्त. दोन्हींत चांगली कोणती, हे ठरवायचं होतं. आठ गावं, सहाशे बायका, प्रत्येकीची तपासणी दोन्ही तऱ्हेनं.

स्लाइडा आमच्याकडे यायच्या आणि किणीकर मॅडम स्वतः बघायच्या. बाटल्या शहरातल्या दुसऱ्या लॅबला जायच्या. आमचं त्यांना कळायचं नाही, त्यांचं आम्हाला नाही. ज्याला दोष दिसेल त्यानं आपापलं पत्र त्या बाईच्या घरी पाठवायचं आणि तिला शुक्रवारी कॉलेजच्या बाळंतपण विभागात तुकडा काढून तपासायला बोलवायचं. सगळं शेवटी एकदम उघडायचं. रजिस्टर माझ्याकडे होतं. अक्षर चांगलं म्हणून.

प्रयागची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्या उन्हाळ्यात तिच्या पुन्हा अंगावर जायला लागलं. आधी तिनं सांगितलंच नाही. दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यांवरून मला कळलं.

"बुधवारी ओपीडीत चल," मी म्हणालो. "आपलाच दवाखाना आहे. उभ्या उभ्या तपासतील."

"तुमचाच दवाखाना आहे म्हणून तर नको," ती म्हणाली. "त्या ओपीडीत सगळी पोरं डॉक्टर. उद्या तुमच्यासोबत कँटीनला चहा पितील. 'वहिनी बऱ्या आहेत का' म्हणून विचारतील. आणि त्यांनी काय बघितलंय ते त्यांना माहीत, मला माहीत, तुम्हाला माहीत. मी नाही येणार."

"मग काय करायचं?"

"त्या तुमच्या शाळेतल्या तपासणीत बाईच असते ना? तिथं चालेल मला."

तिथं चालत नव्हतं. अभ्यासात काम करणाऱ्यांच्या घरच्या बायका घ्यायच्या नाहीत, असा नियम होता. ओळखीचं नाव दिसलं की वाचणाऱ्याची नजर बदलते, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शिवाय प्रयागचं नाव आठ गावांच्या यादीत नव्हतंच.

शिरसवाडीच्या यादीत ११८ नंबरवर अनुसयाबाई सुरवसे होती. घरोघरी फिरून नावं घेतली तेव्हा तिचा अंगठा घेतला होता, बोटातून रक्त घेऊन अशक्तपणाची तपासणीही केली होती. पण खऱ्या तपासणीच्या आठवड्यात ती लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. म्हणजे ओळ मोकळी राहणार होती. शिबिराच्या आदल्या दिवशी मला ते कळलं आणि माझ्या डोक्यात आलं.

आता कुणी विचारेल, मॅडमना एक शब्द का नाही टाकला? त्यांनी नाही म्हटलं नसतं. बंद खोलीत, कुणाला न कळता, सगळं केलं असतं. पण मला त्याचा मोह नव्हताच. मला मोह होता तो दोन तऱ्हांचा. ओपीडीत नुसती स्लाइड झाली असती. इथं स्लाइडही होणार, बाटलीही होणार. एकीतून सुटलं तर दुसरीत सापडेल. देशात फार थोड्या बायकांची तेव्हा दोन्ही तऱ्हेनं तपासणी होत होती. त्यात माझी बायको बसवायची आणि वर रजिस्टरमध्ये एकही ओळ मोकळी राहणार नाही. मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

परत येताना स्कूटरवर प्रयाग माझ्या पाठीवर डोकं ठेवून हसत होती.

"पाय आधी आले म्हणे!" मी म्हणालो. "कुणी विचारलं होतं?"

"चार लेकरांची आई आहे मी. काहीतरी तर वेगळं झालं असेल एखाद्याचं." मग म्हणाली, "ती सिस्टर किती माया करून बोलत होती. अनुसयाबाई, अनुसयाबाई. आपल्या नावानं मला कुणी एवढ्या मायेनं बोलावलं नाही."

"मी बोलावतो की."

"तुम्ही 'अगं' म्हणता."

तीन आठवड्यांनी मॅडमनी शिरसवाडीच्या स्लाइडा बघितल्या. त्या सांगत, मी लिहून घेई. ११८ आली तेव्हा मी खाली मान घालून पेनाचं टोपण उघडझाक करत बसलो.

"रक्तानं भरलीय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्लाइड इकडून तिकडे, वरून खाली फिरवली. एरवी दोन मिनिटं घेत, हिला सात-आठ घेतली. "सूज आहे. वाईट पेशी नाहीत. लिहा, दोष नाही."

मी लिहिलं. माझं अक्षर त्या ओळीत जरा जास्तच चांगलं आलं आहे. अजून बघता येईल.

बाटलीच्या पत्राचा विचार मला आला नाही, असं नाही. बाटलीत काही निघालं तर पत्र अनुसयाबाईच्या घरी जाणार, हे मला कळत होतं. मी महिनाभर शिरसवाडीच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंना दर आठवड्याला विचारत होतो, "कुणाला पत्र आलं का हो?" त्या म्हणत, "नाही आलं." महिन्यानं मी विचारायचं सोडलं. शहरातल्या मशीनच्या, पेशी गाळायच्या जाळ्या संपल्या होत्या, त्या परदेशातून यायच्या होत्या, बाटल्या तशाच पडून होत्या आणि पत्रं चार महिन्यांनी निघाली, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायचं नव्हतंच. नियम होता तसा.

प्रयागचं अंगावर जाणं थांबलं नाही. मध्ये महिना बरा जाई, मग पुन्हा.

"डॉक्टरला दाखवू," मी म्हणे.

"रिपोर्ट चांगला आहे ना?"

"आहे."

"मॅडमनी स्वतः बघितलाय ना?"

"स्वतः."

"दोन-दोन तऱ्हेनं?"

"हो."

"मग? वय आहे हे. आमच्या आईचंही असंच होतं." ती कामाला लागे.

मीच तिला शिकवलं होतं. त्या दिवसांत मी गावोगाव नवऱ्यांना समजावत फिरत होतो की बाबांनो, तपासणीवर विश्वास ठेवा. घरी माझ्या बायकोनं ठेवला.

पहिल्या नमुन्यापासून सोळा महिन्यांनी शेवटची बैठक झाली. कॉलेजचा हॉल, पडदा, बिस्किटं. शहरातल्या लॅबचे डॉक्टर सबनीस आले होते. ते बाटलीच्या बाजूचे. आमच्या मॅडम स्लाइडच्या बाजूच्या. बाजू अशा नव्हत्या, पण होत्या. मॅडमनी तीस वर्षं स्लाइडा बघितल्या होत्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असलं महागडं मशीन कधी येणार नाही, हे त्यांना दिसत होतं. मी मागं खुर्चीवर रजिस्टर घेऊन बसलो होतो. काही लागलं तर काढून द्यायला.

आधी रजिस्टरचं कौतुक झालं. सबनीस सर म्हणाले, "सहाशे ओळी, एक मोकळी नाही. आमच्याकडे असा माणूस नाही." सगळ्यांनी मागं वळून बघितलं. मी उभा राहून नमस्कार केला.

मग निकाल उघडले. बहुतेक ठिकाणी दोन्ही तऱ्हा सारखंच सांगत होत्या. नऊ बायकांच्या बाबतीत मतभेद होता. त्या नऊ एकेक करून पडद्यावर आल्या.

"आता ही बघा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढला होता. "शिरसवाडी, एकशे अठरा. आमची स्लाइड म्हणते दोष नाही. यांची बाटली म्हणते कॅन्सर. संशय नाही, काही नाही, सरळ कॅन्सर! बाईला पत्र गेलं. बाई बिचारी धावत आली. आपल्या बाळंतपण विभागानं दुर्बिणीनं बघितलं, तीन ठिकाणचे तुकडे काढले. काय निघालं? काही नाही! ठणठणीत बाई. सबनीस, तुमच्या बाटलीनं एका धडधाकट बाईला महिनाभर मरण दाखवलं."

हॉलमध्ये हसले सगळे. सबनीस सरही हसले. "शंभरात एखादं होतं असं," ते म्हणाले.

मी हसलो की नाही, आठवत नाही. रजिस्टर मांडीवरून खाली पडलं एवढं आठवतं. लोकांनी पुन्हा मागं बघितलं आणि मी ते उचललं.

चहाच्या वेळी मी मॅडमना व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, एकशे अठरा."

"काय झालं? नंबर चुकला का?"

"नंबर बरोबर आहे. बाई चुकली."

त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं. शाळा, पडदा, चार मुलं, सगळं. त्यांच्या हातात कप होता. त्यांनी तो खिडकीत ठेवला आणि विचारलं, "अजून जातंय अंगावर?"

"हो."

"सोळा महिने?"

"हो."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी रागवायला हवं होतं. त्या सरळ चालत लॅबमध्ये गेल्या. मी मागं. "डबा काढा," म्हणाल्या. मी शिरसवाडीचा डबा काढला, ११८ त्यांच्या हातात दिली. त्या मायक्रोस्कोपला बसल्या. बाहेरून कुणीतरी दोनदा बोलवायला आलं, त्यांनी मान वर केली नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "कडेला आहेत. रक्ताखाली. चार-पाच आहेत." मग थोडं थांबून, "इथं होत्या, बिडवे. माझ्याच समोर होत्या."

"रक्त होतं मॅडम. कुणालाही—"

"तुम्ही गप्प बसा." हे एवढंच त्या मला रागानं बोलल्या. "उद्या सकाळी त्यांना घेऊन या. ओपीडीत नाही, माझ्या खोलीत. आणि केस पेपर त्यांच्या स्वतःच्या नावानं काढा."

आम्ही गेलो. पुढचं काय ते मी लांबवत नाही. आजार पिशवीच्या बाहेर बाजूला पसरला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. मशीनच्या किरणांनी शेकायचं आणि सलाइनमधून औषध द्यायचं ठरलं. डॉक्टरांनी तारखा दिल्या. वर्षभरापूर्वी आली असती तर, असं त्यांच्यातला एक पोरगा बोलून गेला, आणि मॅडमनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

घरी येऊन मी प्रयागला खरं काय ते सांगितलं. ती पलंगावर बसून ऐकत होती.

"म्हणजे त्या बाटलीला सापडलं होतं माझं?"

"हो."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

मला वाटलं आता रडेल, किंवा मला काही बोलेल. सोळा महिन्यांचं सगळं बोलेल.

"आणि ती बाई?" ती म्हणाली. "तिला काय काय करावं लागलं असेल हो. माझ्यासाठी तिचे तुकडे काढले."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मॅडमच्या आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "त्या सुरवसेबाईंना खरं सांगायला हवं. आजार तिचा नव्हता, चूक आपली होती. मी पत्र लिहू शकते, पण आधीच एका पत्रानं तिला घाबरवलंय. तुम्ही जा. तोंडानं सांगा."

"मीही येते," प्रयाग म्हणाली.

"तू कशाला? आणि या तब्येतीत?"

"ती काय शिव्या देईल त्या निम्म्या माझ्या आहेत."

शेकणं सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आम्ही शिरसवाडीला गेलो. अनुसयाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. उंच, काटक बाई. आम्ही कॉलेजातून आलोय म्हटल्यावर तिनं सूप बाजूला सारलं आणि आत हाक मारली, "चहा टाका गं! दवाखान्याची माणसं आलीत!"

"मावशी," मी सुरुवात केली, "ते पत्र आलं होतं ना तुम्हाला—"

"आलं होतं म्हंजे? माय गं!" तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "पुण्याहून आले आन् तिसऱ्या दिवशी पत्र. तुमच्या तपासणीत दोष निघाला, ताबडतोब या. पोरानं वाचून दाखवलं आन् हातपायच गळाले माझे. बोटातून एवढंसं रक्त नेलतं वर्साखाली, त्यात निघालं बघा. एवढ्याशा रक्तात कॅन्सर! काय शास्त्र आहे आजकाल."

मी प्रयागकडे बघितलं. आजवर आम्हाला कोडं होतं की ही बाई, आपली तपासणी झालीच नाही, असं का नाही म्हणाली. ते सुटलं.

"मावशी, तेच सांगायला—"

"ऐका तर! मग मी काय केलं, दवाखान्यात जायच्या आदी येडाईला गेले. अनवाणी गेले, दोन दिस चालत. म्हटलं आई, पोराचं लगीन व्हायचंय, मला आत्ताच नेऊ नको. तुला साडी-चोळी करीन, एकवीस सवाष्णी जेवू घालीन. आन् मंग दवाखान्यात गेले." तिनं आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं, गोष्ट रंगली की नाही ते. "तुकडे काढले तिथं. निघालं का काही? काऽही नाही! डाक्टरीणबाई म्हणली, मावशी, तुमाला काही नाही, घरी जा. पत्रात कॅन्सर आन् अंगात काही नाही. गेला कुठं मग? आईनं नेला!"

आतून चहा आला. मी कप हातात धरून वाक्य जुळवत होतो. जमलं होतं. 'मावशी, तो आजार तुमचा नव्हताच.' एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

प्रयागनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"फार चांगलं झालं, ताई," ती म्हणाली. "जेवण घातलंत का सवाष्णींना?"

"एकवीस म्हणले हुते, एकतीस घातल्या! आता तर गावातली कुणी आजारी पडली की माझ्याकडं येतीया. मी सांगते, आदी येडाई, मंग दवाखाना. पन दवाखान्यात जायचंच. आठ जणींना घेऊन गेले मी तुमच्या कॉलेजात, इचारा."

हे खरं होतं. मी नंतर बघितलं. आमच्या सगळ्या भाषणांनी जेवढ्या बायका आल्या नसतील, तेवढ्या त्या एका गावातून तिच्यामागं आल्या होत्या.

निघताना तिनं प्रयागला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, ओटीत गहू आणि नारळ घातला. प्रयागच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "किती वाळलात हो ताई. तब्येत बरी नाही का?"

"जरा अंगावर जातं."

"मंग नवस बोला! माझ्यासारखा."

"बोलते," प्रयाग म्हणाली.

गावाबाहेर आल्यावर मी स्कूटर थांबवली.

"का नाही सांगू दिलंस?"

"काय सांगणार होतात? देवीनं काही केलं नाही म्हणून? ती आनंदात आहे. आठ बायका आणल्या तिनं." तिनं ओटीतला नारळ दुसऱ्या हातात घेतला. "माझा आजार तिच्या देवीनं बरा केला बघा. आता तिच्याकडं तर मला जाता येणार नाही. ती म्हणेल, तुझं काम झालंय, पावती फाडलीय."

मग ती खरंच हसली. मला हसता आलं नाही, पण ऐकलं मी ते हसू, आणि म्हणून इथं लिहितो.

मॅडमनी अहवालात ११८ बदलायला लावली. त्यांचं म्हणणं, बाटली बरोबर होती, स्लाइड चुकली, तसंच लिहा. सबनीस सर म्हणाले, तसं करता येत नाही. एकाच्या नावावर दुसऱ्याचा नमुना असला तर ती नोंद नियमानं बाद. मॅडम भांडल्या. ज्यांची बाजू पडत होती त्या भांडत होत्या, आणि ज्यांची उचलली जात होती ते नको म्हणत होते. शेवटी सहाशेच्या जागी पाचशे नव्याण्णव छापून आलं. दोन्ही तऱ्हांत फारसा फरक नाही, असं त्यात लिहिलं आहे. माझ्यावर चौकशी बसली नाही. मी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "बसवू म्हणता? मग आधी माझ्यावर बसवा."

प्रयाग अकरा महिने होती. शेवटपर्यंत ती मला त्या गोष्टीवरून एक शब्द लावून बोलली नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तेराव्याला अनुसयाबाई आली. कुणाकडून तरी कळलं म्हणून दोन बस बदलून आली होती. तिनं प्रयागच्या फोटोला हार घातला, पदरानं डोळे पुसले आणि माझ्यासमोर सतरंजीवर बसली.

"काय झालं हुतं ताईंना?"

मी आजाराचं नाव सांगितलं. त्याच आजाराचं, जो तिला पत्रानं आला होता.

मग तिचा आवाज चढला. बसलेली माणसं बोलायची थांबली.

"आन् तुमी त्याच कामात हुतात की हो? गावोगाव फिरत हुतात बायका तपासा, बायका तपासा म्हणून. माझ्या दारात येऊन अंगठा नेला तुमी. दुनियेच्या बायका तपासल्या आन् घरच्या बाईला एकदा नेलं नाही तपासायला? माझ्यासारखं येळेवर कळलं असतं तर आज बसली असती हितं! कामून नाही नेलंत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दोन्ही पोरं बघत होती.

"राहून गेलं," मी म्हणालो.